लेबल खरवडलेलं गाणं

फोर-द-फ्रान्स, मार्टिनिक
मंगळवार, २३ ऑक्टोबर १९८४

प्रिय रोसेंदो,

‘प्रिय’ लिहिलं खरं, पण ते लिहून पेन खाली ठेवलं आणि इथल्या खानावळवाल्या म्हातारीकडून, मान तितिनकडून, रमचा आणखी एक पेला मागवला. तुला मी लिहिलेलं हे पहिलंच पत्र. आपल्या अंगणांमध्ये एकच भिंत, पत्राची गरज पडणार तरी कशाला. आणि या मार्चपासून तर आपण समोरासमोर आलो की एक जण रस्ता ओलांडून पलीकडे जातो. बहुतेक वेळा मीच. तेव्हा मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुला यायचा तो राग लवकर येऊन जाईल. मी तुझ्या शहरात आलोय. ज्या शहरातून तू दर वर्षी सूटकेस भरून रेकॉर्डी आणायचास आणि ज्याचं एकही दुकान तू कोणाला सांगितलं नाहीस, त्याच शहरात. आणि मी ‘एदिल्मा’ शोधायला आलोय. म्हणजे ते गाणं. येत्या अकरा नोव्हेंबरच्या जत्रेत मला ते माझ्या पिकोवर, माझ्या त्या कपाटाएवढ्या रंगवलेल्या स्पीकरवर, वाजवायचंय.

समुद्र मला लागतो, हे तुला माहीत आहे. आपल्या कार्ताहेनापासून इथपर्यंत मी बोटीच्या कठड्याला धरून ओकत आलो. तुझी एदिल्मा मला म्हणायची, “तुझ्या स्पीकरवर पेलिकन काढलाय तो बरोबरच आहे रे एलिगियो, तूही तसाच, नुसता धक्क्यावर बसून मासा कोणी आणून देतंय का बघणारा!” खोटं नव्हतं ते. तू बोटीनं जायचास आणि मी धक्क्यावर खलाशांकडून मिळेल ते विकत घ्यायचो. वाटेत तीन वेळा मी तुला शिव्या घातल्या आणि एकदा तिला.

आता तू विचारशील, याला दुकानं सापडली कशी. तूच सांगितलीस, लेका! तू भारी हुशार, पण तुझी जीभ तुझ्या ताब्यात कधीच नव्हती. परत आलास की आधी घराचं दार लावून नाण्यानं सगळ्या रेकॉर्डींची लेबलं खरवडायचास, म्हणजे गाणं कुठलं, गायक कोण, हे आम्हा बाकीच्या पिकोवाल्यांना कळायला नको. दुकानाचं विचारलं की तोंडाला कुलूप. पण जेवणाचं विचारायची खोटी! झाकलेल्या बाजाराच्या मागच्या दाराशी खारवलेल्या माशाची भजी. कालव्यावरच्या पुलाजवळ लिंबू पिळलेला माशाचा रस्सा. पायऱ्यांच्या गल्लीत बकऱ्याचा मसालेदार रस्सा, कोलोंबो, आणि तो वाढताना गिऱ्हाइकावर खेकसणारी म्हातारी. आपल्या लो आमादोर वस्तीला हे सगळं तोंडपाठ आहे. मी विचार केला, हातात रेकॉर्डींची जड सूटकेस आणि डोक्यावर असलं ऊन, हा माणूस जेवायला लांब जाणार नाही. म्हणून मी दुकानं शोधलीच नाहीत, नुसतं जेवत सुटलो. जिथे तू जेवलास तिथून चाळीस पावलांत रेकॉर्डचं दुकान. तीनही ठिकाणी.

पण जेवणं मला पचली नाहीत. भजीवालीनं पहिल्याच दिवशी विचारलं, “कार्ताहेना?” मी मान डोलावली तर बाईचा चेहरा फुलला. “रोसेंदो!” मी रोसेंदो नाही म्हटल्यावर तिनं मला अशा नजरेनं पाहिलं की जणू मी तिची फसवणूक केली. कालव्यावरच्या खानावळीत तुझी खुर्ची आहे म्हणे, खिडकीजवळची. मी बसायला गेलो तर पोऱ्यानं नव्हे, खुद्द मालकानं येऊन मला उठवलं. इथे मान तितिननं तर हद्द केली. मी कोलोंबो संपवला, थोडा आणखी मागितला, तर ही म्हातारी कमरेवर हात ठेवून, तुझ्याकडूनच शिकलेल्या मोडक्यातोडक्या आपल्या भाषेत म्हणते, “तुमचा रोसेंदो तीनदा घेतो, पण तो आधी माझ्या हाताचं कौतुक करतो. तू आल्यापासून नुसता ताटाकडे बघत बसलायस, मेलं कोणी?” जळफळाट झाला माझा. आपल्या गावात तू पुढे, हे मी अकरा वर्षं गिळलं. समुद्र ओलांडून आलो तर इथेही तू आधीच येऊन बसलेला.

आणि दुकानांतली माझी फजिती ऐक. गाण्याचं नाव नाही, गायक माहीत नाही, भाषा येत नाही. फक्त सूर. तेव्हा एलिगियो मारुगो, वय चव्वेचाळीस, वजन तुला माहीतच आहे, काउंटरसमोर उभा राहून गुणगुणतोय. पहिल्या दुकानातल्या दोघी हसून खाली बसल्या. दुसऱ्यानं मला तीन वेगळ्या रेकॉर्डी लावून दाखवल्या, त्यातली एक चर्चमधली होती. मग मी नाचून दाखवलं. मला तेवढंच आठवत होतं नीट, ती कशी नाचली होती ते.

त्र्याहत्तरचा तो रविवार तू विसरला असशील, कारण जिंकणाऱ्याला तपशील लक्षात ठेवावे लागत नाहीत. मला सगळं आठवतं. माझ्या आईचं अंगण, आपल्या दोघांचा मिळून एकच पिको, पेलिकनचा रंग अजून ओला. तू पहिल्यांदा इथून परतला होतास. मी एदिल्माला विचारून आठ दिवस झाले होते आणि ती म्हणाली होती, जत्रा होऊ दे, मग सांगते. तू रेकॉर्ड लावलीस. ढोल सुरू झाला, ती अंडं भरलेली मक्याची आरेपा खात होती, ती तिनं माझ्या हातात दिली आणि अंगणाच्या मध्ये जाऊन एकटीच नाचायला लागली. तू तिच्याकडे बघत होतास. मी आरेपा धरून उभा होतो. पुढच्या महिन्यात ती तुझी झाली, त्याच्या पुढच्या महिन्यात तू स्वतःचा पिको काढलास, आणि गाण्याला नाव नव्हतं म्हणून अख्खी वस्ती त्याला ‘एदिल्मा’ म्हणायला लागली. दर नोव्हेंबरला माझ्या अंगणात गर्दी जमली की पलीकडून तू ती रेकॉर्ड लावायचास आणि माझी माणसं भिंतीवरून उड्या मारून तुझ्याकडे पळायची. भिंतीपलीकडून लोक तिच्या नावानं ओरडायचे आणि मी प्लग तपासत बसायचो. तुझा हेवा वाटायचा म्हणणं फार सभ्य झालं. तुझा पिको पावसात भिजून जळावा म्हणून मी मेणबत्त्या लावल्यात, रोसेंदो.

काल सकाळी ते सापडलं. मान तितिनच्या समोरचं सिप्रियेनचं दुकान. सिप्रियेन पनामाच्या बंदरात सात वर्षं होता, त्याला आपली भाषा येते. माझी दोन पावलं बघून तो म्हणाला, “थांबा काका, कंबर मोडेल,” आणि दाराजवळच्या, उन्हानं पिवळ्या पडलेल्या खोक्यातून रेकॉर्ड काढून माझ्या हातात दिली. त्या खोक्यात तशाच आणखी सहा होत्या. अरे, इथे ती घरोघर आहे! बारशाला वाजवतात, शाळेच्या सहलीला वाजवतात. आणि गाणं कशावर आहे माहीत आहे? तुला माहीत असणारच, बदमाशा. सकाळची बस चुकली म्हणून एक माणूस कंडक्टरला शिव्या घालतोय. याच्यावर मी अकरा वर्षं डोळे पुसले. बस चुकल्याचंच दुःख होतं म्हणा, तेवढं बरोबर होतं.

तिथेच मी पैसे देऊन बाहेर पडलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण मला मिजास आली. मी सिप्रियेनला म्हटलं, हे सोपं होतं, आता माझं ओळखून दाखव. आणि मी ‘बकरी’ गुणगुणलो. माझी ‘बकरी’, एकोणऐंशीची. ज्या एका नोव्हेंबरला मी तुला हरवलं, तुझी माणसं भिंतीवरून माझ्या अंगणात आली, आणि लोकांनी मला खांद्यावर घेतलं. धक्क्यावर तोबियास खलाशाच्या पेटीतून, शंभर रेकॉर्डींतून ती एक मी माझ्या कानानं उचलली, असं मी पाच वर्षं ज्याला त्याला सांगत आलोय. सिप्रियेननं ते चार सूर ऐकले आणि हसून म्हणाला, “हे? हे तर रोसेंदोच्या बायकोनं निवडलं. त्या वर्षी ती आली होती ना बरोबर. इथेच बसली होती. सहा रेकॉर्डी नको म्हणाली. ‘हे एलिगियोला चालणार नाही, त्याला ढोल उशिरा आलेला आवडतो.’ तो एलिगियो कोण हो?” मग त्यानं मला ते टेबल दाखवलं, जिथे तू बसून लेबल खरवडलंस. लाकडावर तुझ्या नाण्याचे ओरखडे आहेत. खरवडताना तू मधल्या भोकाजवळ चंद्रकोरीएवढा कागद ठेवतोस, ही तुझी सवय. ‘बकरी’वर ती कोर आहे. पाच वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर फिरतेय आणि मला दिसली नाही.

मी तो एलिगियो नव्हेच असं सांगून बाहेर आलो आणि धक्क्यावर तोबियासला गाठलं, त्याची बोट सध्या इथेच लागलीय. तो म्हणाला, “काय करणार, एदिल्माताईनं शपथ घातली होती. शंभरात तीच एक वर ठेव म्हणाली, तो वरचीच उचलतो.” मी तिथेच एका दोरखंडावर बसलो. रोसेंदो, तुझ्याकडे सगळं होतं. बायको, गाणं, गर्दी, खिडकीजवळची खुर्ची. माझ्याकडे एक विजय होता आणि तोसुद्धा तुम्ही दोघांनी बांधून पाठवलेला निघाला. तू मला तेवढाही माझा ठेवला नाहीस. दिवसभर मी या रागानं जेवलो नाही. आणि त्या रागाच्या खाली एक गोष्ट सारखी टोचत होती, की तिला माहीत होतं. ढोल उशिरा आलेला मला आवडतो, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं ऐकलं होतं. भिंतीपलीकडून, इतकी वर्षं, ती माझा पिकोही ऐकत होती.

मार्चमध्ये तिला नेलं तेव्हा मी सगळ्यांच्या मागे होतो, तुला दिसलो नसेन. लोक येऊन तुला मिठी मारत होते, तुझा हात दाबत होते. मला कोण मिठी मारणार, मी कोण? शेजारचा पिकोवाला. मला त्या दिवशी तुझ्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला, देवाशपथ. तुला मोठ्यानं रडता येत होतं. मी कोणाची तरी छत्री धरून उभा होतो, अकरा वर्षांपूर्वी आरेपा धरून उभा होतो तसाच. मग तू ती रेकॉर्ड तिच्या हाताखाली ठेवलीस आणि झाकण लावलं. त्या दिवसापासून तुझ्या पिकोवर चादर आहे. नोव्हेंबर तोंडावर आलाय आणि तू यंदा लावणार नाहीस, असं वस्तीत बोलतात. भिंतीपलीकडे सगळं चिडीचूप. इकडे निघायच्या आधी मी ‘बकरी’ लावली, अंगण भरलं, आणि मला कळेना मी वाजवतोय कोणाला ऐकवायला.

म्हणून हे पत्र. जुनं सामान भरलेल्या बोटीवर तोबियास आज निघतोय, त्याच्याच हातून पाठवतो. तुमच्या वस्तू गुपचूप पोहोचवायची त्याला सवय आहे. गाण्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तोबियासला वाचता येतं. रेकॉर्ड माझ्यासमोर आहे, लेबल शाबूत आहे. मी ती तशीच लावू शकतो, तुला विचारायचं काही कारण नाही, सहा नगांचं खोकं दारात उघडं पडलंय. पण मला ती चोरून नको, आणि ‘बकरी’सारखी कोणी दिलेलीही नको. मी मागतोय. आयुष्यात तुझ्याकडे पहिल्यांदा काही मागतोय. यंदा अकरा तारखेला एकदा, फक्त एकदा, ते गाणं माझ्या अंगणात वाजू दे, आणि तू भिंतीवरून उडी मारून ये आणि माझ्या स्पीकरसमोर उभा राहा, मी इतकी वर्षं पलीकडे उभा होतो तसा. त्यानंतर चादर काढ आणि मला हरव, माझी हरकत नाही. माझी बोट चार तारखेला, रविवारी सकाळी लागेल. ‘नाही’ असेल तर येऊ नकोस, मी रेकॉर्ड तिच्या कबरीवर ठेवून घरी जाईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. ‘हो’ असेल तर धक्क्यावर ये. मी ओकून ओकून अर्धा झालेला असेन, हसू नकोस. आणि येताना तुझं ते नाणं खिशात घेऊन ये. हे लेबल तुझ्याच हातानं खरवडलं जावं, मला ती कोर जमत नाही.

तुझाच, तुझ्यावर जळणारा,
एलिगियो