आईची ओळ

मंगळवार, ११ नोव्हेंबर

चि. बंडूस आशीर्वाद. (आशीर्वादाचं हे आईचं खातं आता माझ्याकडे आलंय, घे निमूटपणे.)

इकडे सर्व ठीक. तुझे भावोजी गुडघ्याला दोष देत जिना टाळतात. गुडघा निर्दोष आहे.

डोळ्यांच्या दवाखान्यात मी नेमकं काय करते, असं विचारून तू उत्तराआधीच जांभई द्यायचास. आज ती आवर. दवाखान्याच्या संगणकातल्या नोंदी क्लाउडवरच्या डेटा वेअरहाउसमध्ये, म्हणजे एका दूरच्या कोठारात न्यायच्या असतात. मधल्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडचे पत्ते, पासवर्ड भरून कनेक्शन जोडायचं. काव्यशास्त्राच्या पदवीचा हा असा विनियोग. मग कुणाची तरी एक ओळ, म्हणजे एका पेशंटची नोंद, पलीकडे पोचली का ते पाहायचं. मी आईची निवडली.

आई गेल्यावर दवाखान्याने तपासणीच्या यादीतून तिची नोंद काढली. पण मी कनेक्शनला 'नवं आणि बदललेलं तेवढंच ने' असं सांगून ठेवलेलं. काढलेल्याचं काय, ते सांगायचं राहिलं. म्हणून कोठारात आई होती तशीच: वय एकाहत्तर, डावा डोळा, तपासणी दर महिन्याला. तपासणीची आठवण करून देणारे मेसेज तिथूनच सुटतात.

आईच्या फोनवर तसा मेसेज आला तेव्हा तू दवाखान्यात येऊन खिडकीवरच्या बाईंना म्हणालास, "मेलेल्या माणसाला डोळे तपासायला बोलावता, लाज नाही वाटत?" मी मागेच उभी होते. "चल रे, जाऊ दे," एवढंच म्हणाले.

चूक माझी होती, बंडू, आणि ती मला तेव्हाही माहीत होती. 'इथून काढलेलं तिथूनही काढ' या चौकोनात एका खुणेचं काम. पण रोज सकाळी ती ओळ उघडून बघायची सवय लागली होती. एवढी शास्त्रं घोकून हे शहाणपण.

काल कळलं, तिच्यासारखी आणखी सतरा माणसं तिथे आहेत. त्यांच्याही घरी कुणीतरी फोन चार्ज करून ठेवत असेल. मग साहेबांना सांगितलं, खिडकीवरच्या बाईंनाही. त्या म्हणाल्या, "अहो, मला वाटलं माझ्याच हातून काही चुकीचं दाबलं गेलं." चार महिने वाटत होतं त्यांना.

आज दुपारी ती खूण केली, कोठार सगळं नव्याने भरलं. अठरा ओळी गेल्या. तुला आधी विचारलं नाही. तू "राहू दे गं" म्हणाला असतास, आणि मी राहू दिलं असतं.

रागावलास तर लिहून नको, येऊन रागव.

घरात आता सर्वांत मोठी उरलेली,
ताई