दिशाच्या घरची लाइट

४ नोव्हेंबर २००३
पुन्हा गेली! निवृत्तीकाकांचा दुकानात फोन — "भारत, ये बाबा लवकर." सायकल हाणली ती थेट उपनगर. ईएलसीबी पडलेली. घरात कुठं करंट गळाला की ही आपोआप पडते, माणूस वाचतो. मीच बसवलीय. वर ढकलली, लाइट आली. गळती मात्र सापडत नाही. वायर सगळी भिंतीच्या आत, दिसणार काय?

काकांच्या मुलीने, दिशाने चहा दिला. "आता कधी येशील?"
"लाइट गेली की."
हसली! कॉलेज सोडल्यापासून माझ्याशी असं कुणी हसलेलं नाही.

९ नोव्हेंबर
काका वैतागले. "शिक्षण अर्धवट, काम पण अर्धवट!" तेही दिशासमोर. आता त्या संघर्ष वायरमनला बोलावणार. आयटीआय पास, मोटारसायकल, कडक इस्त्री. माझं डोकं तापलंय.

१० नोव्हेंबर
पठ्ठ्याने केलं काय — वायर बाहेरून फिरवून ईएलसीबीच बाद केली! लाइट जात नाही म्हणून काका खूश. अरे गाढवा, गळती आतच राहिली ना! दिशाने ओल्या हाताने नळ धरला तर?
काकांना फोन केला. म्हणाले, "तू जळतोस त्याच्यावर."
जळतोच! म्हणून काय खोटं बोलतो?

१४ नोव्हेंबर
त्याची गाडी फाटकाशी. पंखा बघायला आला म्हणे. पंखा!! माझा चहा आता तो पितोय.

१८ नोव्हेंबर
दुकानातून मालकांचा, सहादूमामांचा मेगर उचलला, न विचारता. हँडल फिरवायचं, काटा शून्याकडे झुकला की वायरीत गळती. घुसलो घरात. संघर्ष सोफ्यावर ऐसपैस.
"काय कॉलेजकुमार, परीक्षा द्यायला आलास?"
म्हटलं, मेन बंद करा, आज दाखवतोच. बाथरूम, स्वयंपाकघर, माळा — एकेक लाइन तपासली. काटा एकदाही झुकला नाही. एकदाही!
संघर्ष म्हणाला, "वायर ठीक आहे काका, शॉर्ट याच्या डोक्यात आहे."
दिली कानाखाली. काकांनी दंडाला धरून बाहेर काढलं. दिशा रडत होती. त्याच्या गालासाठीच रडत असणार.

२१ नोव्हेंबर
ठरलं त्यांचं. रविवारी साखरपुडा. लाइटिंगचं काम आमच्याच दुकानाला! मामांना सांगितलं, मी मेलो तरी जाणार नाही.

२२ नोव्हेंबर
दिशा दुकानात आली, बल्ब घ्यायच्या निमित्ताने. मामा आत वळले तशी भरभर बोलली — "ईएलसीबीवरचं तपासायचं बटण, बसवताना तूच दाखवलंस ना, दाबलं की लाइट जाते म्हणून? ते मीच दाबायची. तू यावास म्हणून. संघर्षने वायर फिरवल्यावरही रोज दाबत होते रे. लाइट जाईचना."