अध्यक्षांचा राजीनामा

३ मार्च १९५८

श्रीमत् सकलार्जविशारद, मुद्रांकपत्रकुलभूषण, उपनेत्रमंडित, पनवेलनगरस्थ रुग्णवाहन साहाय्यक मंडळाचे आद्य (व अन्य उमेदवाराच्या अभावी बिनविरोध) चिटणीस, म्हणजे आम्ही, आज शुभमुहूर्ती, मंडळाच्या देणगीदारांस आयकर-माफी मिळावी या अर्जावर स्वाक्षरी करते झालो!

हेतू उदात्त. गव्हाणच्या रुग्णांस पनवेलच्या दवाखान्यात विनामूल्य आणणे. वाहन सिद्ध आहे— भातगिरणीवाले काळूराम यांची जुनी मोटार. त्यांची अट एकच. “माफीचा कागद आना, किल्ली न्या.”

गव्हाणची गुणाबाई कोळीण दोनदा चौकशी करून गेली. सून मैना, नववा महिना. मागल्या खेपेस बैलगाडी दवाखान्यापर्यंत पोचेतो मूल गेले होते.

११ मार्च

कचेरीचे उत्तर! विश्वस्तांच्या यादीत प्रथम नावापुढे वय, व्यवसाय व स्वाक्षरी आढळत नाही. सबब अध्यक्षांनी समक्ष हजर राहावे.

अध्यक्ष म्हणजे ग्रामदेव श्रीबहिरी! यादीच्या शिरोभागी देवाचे नाव घालण्याचा आपला कुलाचार. त्यापुढे ‘अध्यक्ष’ ही उपाधी मात्र काळूरामांच्या हट्टापायी. “देवाच्या वर कोन बसनार, चिटनीस? तुमी?”

आम्ही बसलो असतो. कोणी आग्रह केला नाही.

१४ मार्च

सुनावणी. साहेब तरुण, हास्यद्रोही.

“अध्यक्ष कोठे आहेत?”

“देवळात.”

“आले का नाहीत?”

“अत्यंत जागृत आहेत; परंतु हिंडतेफिरते नाहीत.”

साहेबांनी टाक खाली ठेवला. “मग त्यांचा राजीनामा आणा. लेखी.”

१६ मार्च

देवाचा राजीनामा आम्ही अलंकारिक भाषेत सिद्ध केला. ‘प्रकृत्यस्वास्थ्यामुळे’ हे कारण गुरव महादेव यांना रुचले नाही. “देवाला काय झालंय? ते खोडा. आनि कौलाबिगर एक अक्षर पुढं जायचं नाय.”

कौल लावला. देवाच्या अंगावर दोन ओल्या कळ्या चिकटवल्या— उजवी आधी पडली तर होकार, डावी तर नकार.

डावी!

१९ मार्च

पुनश्च कौल. पुनश्च डावी. ज्यास एकदा अध्यक्षपद मिळाले त्यास, मग तो देव का असेना, ते सोडवत नाही.

काळूराम प्रसन्न. “देवाची विच्छाच नाय. आपन काय करनार?” किल्ली खिशात, हात खिशावर.

२१ मार्च

गुणाबाई आली. मैनेचे पाय सुजले आहेत म्हणाली. कौलाची हकिगत आमच्याकडून ऐकली आणि टोपली देवळाबाहेर ठेवून थेट गाभाऱ्यासमोर उभी राहिली. गुरवाने कळ्या लावल्या.

“देवा, तुला सही येत नाय, गाडी हाकता येत नाय. मंग खुर्ची अडवून कशापायी बसलास रं? मैनीचं पोट काय तुज्या कागदासाठी थांबनार हाय?”

गुरव हबकला. “गुणाबाय, देवाला असं बोलतात?”

“मंग तुमी बोला! तुमी तर रोज पूजा करता.”

उजवी पडली.

राजीनाम्यावर साक्ष म्हणून गुरवाचा अंगठा घेतला. हसण्याचा प्रसंग होता. मला हसू आले नाही.

२८ मार्च

माफी मंजूर!! काळूरामांनी कागद उलटा, सुलटा, मग उन्हात धरून पाहिला.

आम्ही सहज पृच्छा केली, “या दानाने आपला कर किती वाचेल?”

“कर? मला कुठला कर? गिरनीचं उत्पन्न तेवढं हाय कुठं!”

“मग हा कागद कशासाठी?”

“चौकटीत लावाया. सरकारनं माफी दिली म्हनजे मानूस मोठाच असनार ना!”

पंचवीस दिवस. एक देव पदच्युत. किल्ली घेतली. शब्दसंग्रहात विशेषणे पुष्कळ होती; ती राखून मोटारीकडे निघालो.

३० मार्च

मैनेस मुलगी. दवाखान्याच्या फाटकात, मोटारीतच, कारण मागचे दार आतून उघडत नाही व बाहेरची कडी ओढताना काळूरामांच्या हातात आली. आम्हा सर्वांच्या आरडाओरड्यावर मुलीचा आवाज चढला. मागाहून पुढच्या आसनावरून बाहेर काढल्या; दोघी सुखरूप.

“तांदळाच्या पोत्यांनी कदी तक्रार नाय केली,” काळूराम.

दार अद्याप बंदच. लोहार सोमवारी येतो म्हणाला. कोणत्या सोमवारी, ते सांगत नाही.