गुडघ्यापर्यंतची नोकरी

आप्पा, आज आमच्या शाळेत वादविवाद स्पर्धा होती आणि परीक्षकाच्या खुर्चीत तुमची मुलगी बसली होती. विषय असा, की खेळाडूंना पैसा जास्त मिळतो का. हल्ली क्रिकेटवाले टीव्हीवर दाढीची ब्लेडं विकतात, त्यामुळे चिंचवडच्या नववीतल्या पोरांनाही हा प्रश्न पडतो. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. तिकडे टीव्ही नसेल तर तुमचं काही अडत नाही. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "घाम आला म्हणून खेळाला श्रम म्हणू नये. श्रमातून वस्तू निघते, खेळातून फक्त टाळ्या." टाळ्या तिलाही पडल्या. मी मात्र काळेवाडीतल्या आपल्या खोलीत जाऊन पोचले होते.

कंपनीत तुमच्या शेजारच्या ड्रिल मशीनवर तो खेडकडचा कबड्डीवाला होता. तुमच्या तोंडी हुतूतूवाला. कंपनीनं त्याला संघासाठी घेतलेला, पण मस्टरवर हेल्पर म्हणून. सकाळी कार्ड पंच करायचं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत लोखंडाला भोकं पाडायची आणि मग मैदानावर. वर कँटीनमधून दूध आणि अंडी, पगार मात्र पुऱ्या शिफ्टचा. त्याच्या मशीनवरचे राहिलेले नग तुम्ही आपलं लेथ सांभाळून काढायचात. घरी याल तेव्हा हातांना तेलाचा वास दुप्पट. एकदा स्टोव्हपाशी बसून मी विचारलं, हा कुठला न्याय? तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "अगं, आमची नोकरी साठीपर्यंत. त्याची गुडघ्यापर्यंत." मी हसले. पुण्याला कॉलेजात संस्कृत शिकत होते, आणि घरात शहाणं माणूस एकच आहे अशी माझी समजूत होती.

मग तो रविवार. तुम्ही पिंपरीला बाजारात गेलेले. तुमच्या खात्यातले चौघे दारात उभे राहतात, चपला बाहेर, टोप्या हातात. "ताई, आप्पास्नी सांगू नगा. तुमचं अक्षर मोत्यावानी हाय, एक अर्ज लिहून द्या." मागणी साधी होती. त्या गड्याला आमच्यावानी पुरी शिफ्ट उभं करा, न्हाईतर आमालाबी दूध-अंडी द्या. मी मॅट्रिकला तुम्ही आणलेलं पेन काढलं. तेव्हा मला समासांची नवी हौस. दोन शब्द सुटे दिसले की जोडून टाकायची. दूध-अंडी गाळली, ती अर्जाच्या उंचीला शोभेनात. शेवटचं वाक्य लिहिलं, "श्रमाविना वेतन हा श्रमिकांचा अवमान होय." वाचून दाखवलं. मग एकजण म्हणाला, "काय म्हणलंय ते कळलं न्हाई राव, पण सायबाला लागंल बगा."

साहेबाला लागलं. खात्यातल्या सगळ्यांच्या सह्या होत्या, तुमची सोडून. हुकूम निघाला की कबड्डीवाल्यानं पुरी शिफ्ट करायची, सराव शिफ्ट सुटल्यावर, आणि त्याचे नग दुसऱ्या कुणी काढायचे नाहीत. दोन महिन्यांनी, दिवसभर उभं राहून आखडलेले पाय घेऊन तो चढाईला गेला आणि समोरच्या संघातल्या चौघांच्या खाली त्याचा गुडघा गेला. तो कायम झालेलाच नव्हता. मैदानाला उपयोग नाही, मशीनपुढे उभं राहवत नाही. एका शनिवारी वळकटी घेऊन तो एसटीनं गावी परतला. फाट्यापर्यंत त्याला पोचवायला खात्यातून एकटे तुम्ही गेलात.

तुम्ही परत येता, पाय धुता. मी कणीक मळतेय. "त्यो अर्ज लई झ्याक होता म्हणत्यात. सायबानं दोनदा वाचला," तुम्ही भिंतीकडे बघत म्हणता. मग पाय पुसत, "पेन जपून वापर, बाळ." एवढंच. पुढे पाच वर्षं तुम्ही होतात. आपण रॉकेलच्या रांगेपासून माझ्या लग्नापर्यंत सगळं बोललो, आणि हे तेवढं सोडून दिलं.

आज स्पर्धेनंतर आमचे पी.टी.चे सर म्हणाले, "चेंडू मारायचे एवढे पैसे!" मी म्हटलं, "सर, तुम्ही तर नुसती शिट्टी मारून घेता." ते हसले, पण चहाचं विचारलं नाही. जास्त मिळतं का? टीव्हीवरच्या दोघाचौघांना मिळतही असेल. पण खेडच्या त्या माणसाला मिळत होतं ते जास्त होतं, असं म्हणायची हिंमत आता मला होत नाही. आम्ही त्याचे मैदानावरचे तास बघत बसलो. गुडघा गेल्यानंतरचं सगळं आयुष्य अर्ध्या शिफ्टला मिळणाऱ्या त्या पुऱ्या पगारातच धरायचं होतं, हे तुम्हाला लेथपुढे उभं राहून कळलं, आणि मला इतकं व्याकरण शिकून कळलं नाही.

आप्पा, तो अर्ज मी लिहिला होता. तुम्हाला ठाऊकच असणार. माझ्या तोंडून ऐकायचं राहिलं, म्हणून हे पत्र. टाकायला पेटी नाही, तेव्हा स्पर्धेच्या गुणपत्रकांच्या गठ्ठ्यात राहील. अर्जावर माझी सही नव्हती, त्या गुणपत्रकांवर मात्र आहे. त्या मुलीचं म्हणणं कुठे चुकतंय, ते त्या सभागृहात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी पहिला नंबर मी तिलाच दिला. वाक्य फार सुरेख बांधलं होतं हो तिनं.