तळ्याकाठच्या उपनगराला एक्केचाळीस गुण

प्रिय ताई,

टपालखात्यात एकतीस वर्षं काढली, पण तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. कधी गरजच पडली नाही. तू चालत जाण्याच्या अंतरावर, आणि मी जन्मापासून तुझ्या मागे मागे. घरात मला नावाने कुणी हाक मारलीच नाही, सगळे शेपूटच म्हणायचे, आणि तुझ्या दाराला अडकवलेल्या चिठ्ठ्यांखाली मीही तेच लिहीत आले. आत्ता जेवणाची सुट्टी आहे. डबा समोर तसाच उघडा पडलाय, म्हटलं आधी लिहावं. नणंदेकडचा मुक्काम कसा चाललाय? पंधरा दिवस म्हणून गेलीस, त्याला उद्या सतरा होतील. तिची तब्येत बरी असेल. तिला माझा नमस्कार सांग, भेटली तर.

इकडची बातमी म्हणजे माझी खोली. महिनाअखेर ती सोडायची आहे हे तुझ्या लक्षात असेलच, कारण घरमालक शिंपीदादांना सांगून टाक असं तूच म्हणाली होतीस. त्यांनी परवा येऊन भिंतीची मापंही घेतली. त्यांचा पुतण्या येणार आहे बायकोला घेऊन. सवयीप्रमाणे टेप गळ्यात अडकवून गेले आणि जाताना म्हणाले, बाई, तुम्ही नशीबवान, या वयात सख्ख्या बहिणीची सोबत मिळतेय. बावीस वर्षांचा माझा संसार सात खोक्यांत बसला. प्रत्येक खोक्यावर मी मोठ्या अक्षरात 'ताई आणि मी' असं लिहिलंय. तेव्हा आपलं घर ठरलेलं होतं ना, नदीपलीकडच्या उपनगरातलं, आपल्या गुणांच्या यादीत दुसरं आलेलं. एजंट फोन उचलत नाही, असं तू महिनाभर सांगत होतीस. शेवटी मीच लावला. पहिल्या घंटीला उचलला गं त्याने. म्हणाला, तुमच्या बहिणीने ते घर नको म्हणून कधीच कळवलंय.

मला आपले ते रविवार आठवत बसतात. दोन वर्षं. शहराच्या चहूबाजूंची अकरा उपनगरं आपण पालथी घातली. तू गणिताची बाई, तुझ्या डोक्यातून ती पद्धत निघाली: प्रत्येक ठिकाणी तीनदा जायचं, एकदा सकाळच्या घाईत, एकदा भर दुपारी आणि एकदा दिवेलागणीला. दोघींनी वेगवेगळ्या कागदावर शंभरपैकी गुण द्यायचे आणि मग बसमध्ये कागद जोडून बघायचे. मी चोरून बघेन म्हणून तू हाताचा आडोसा करून लिहायचीस, आणि मीही खरंच वाकून बघायचे. पिशव्यांची परीक्षा तर तुझीच. दोघींच्या हातात चार-चार किलो बटाटे, आणि बसथांब्यापासून घरापर्यंत न थांबता चालायचं. त्याच बटाट्यांनी चार उपनगरं पाहिली, शेवटी त्यांना कोंब आले. भोंग्याच्या उपनगरात दुपारी दोनला कारखान्याचा भोंगा वाजला आणि तू एवढी दचकलीस की एक बटाटा थेट गटारात गेला. त्या उपनगराला आपण अडतीस गुण देऊन नापास केलं आणि परतीच्या बसमध्ये पोट दुखेपर्यंत हसलो. तेव्हा मला वाटायचं, घर मिळालं नाही तरी चालेल, हे रविवार संपू नयेत. तुला काय वाटत होतं, ते मी कधी विचारलं नाही. ती माझी चूक, एवढं मान्य करते.

तळ्याकाठचं उपनगर आपण सातव्या क्रमांकाला पाहिलं. मी त्याला अठ्ठ्याऐंशी दिले. रुंद फुटपाथ, दारासमोर बस, कोपऱ्यावर दवाखाना, वाचनालयात बाकांना पाठ. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घराच्या गॅलरीत तू पहिल्या दोन्ही खेपांना इतका वेळ उभी होतीस की एजंटाला खाकरावं लागलं. म्हणून मी ठरवूनच टाकलं होतं की हेच. पण तिसऱ्या खेपेला मला सर्दी झाली, तू एकटी गेलीस, आणि परत आलीस ती कागदावर एक्केचाळीस गुण आणि पिशवीत पाण्याची बाटली घेऊन. बाटली माझ्या टेबलावर ठेवलीस. पाणी चहासारखं गढूळ. म्हणालीस, "शेपटे, बघ, नळाला हे येतं. तळं जवळ असल्याचा हा फायदा." मी तरी हुज्जत घातली. गाळणी लावू, उकळून पिऊ, सगळं सुचवलं. तू एवढंच म्हणालीस की आयुष्यभर पाणी उकळत बसायचं असेल तर तू खुशाल राहा. मग मीही ते यादीतून खोडलं. तू सांगितलेलं खोटं असू शकतं, हे माझ्या मनातही आलं नाही. तू शाळेत पाव गुणासाठी मुलांशी भांडणारी बाई.

आता गेल्या सोमवारच्या आधीच्या सोमवारचं सांगते. सकाळची पेटी उघडली, टपाल टेबलावर ओतलं, आणि त्यात पत्ताबदलाचा एक अर्ज. दिवसाला असे दहा येतात, मी नाव वाचायच्या आधी पिनकोड वाचते. पिनकोडमधला सात आडव्या रेघेचा होता. असा सात या जगात तू काढतेस आणि तुझ्या हाताखालून गेलेली मुलं काढतात. जुना पत्ता तुझा, नवा पत्ता तळ्याकाठचा, दुसरा मजला, तेच घर. मी अर्ज तीनदा वाचला. शेजारच्या टेबलावरच्या शिक्केवाल्या काकांनी विचारलं, काय झालं, मी म्हटलं, डोळ्यांत काहीतरी गेलंय. धूळच गेली होती, ताई, आणि ती तू फेकलेली.

त्या अर्जात एक चौकोन असतो, नव्या पत्त्यावर राहणाऱ्या व्यक्तींची संख्या. खरं सांगू? त्या चौकोनाकडे बघेपर्यंत मला आशा होती. वाटलं, मला चकित करायला गुपचूप घेतलं असेल. वाटलं, दोन लिहिलं असेल. तू एक लिहिलं होतंस. खोडाखोड नाही, काही नाही. मग दोन दिवस मी नाही नाही ते विचार केले. कुणी माणूस भेटला असेल का, भाऊजींना जाऊन चार वर्षं झाली, भेटला असला तर चांगलंच आहे, पण मग एक कसं लिहिलं? मला चोरी करणारीवर राग धरायचा होता आणि नेमकं काय चोरलंय तेच कळत नव्हतं.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि बसने गेले. तुझ्या इमारतीच्या समोर झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या फळीआड उभी राहिले. या वयात माझ्यावर हेरगिरी करायची वेळ आणलीस! आधी खालच्या नळाला बाटली लावली. पाणी स्वच्छ, थंड, निर्मळ. पिऊनही पाहिलं. मग वर बघितलं. तू गॅलरीत होतीस. केस मोकळे सोडलेले, पाय कुंडीच्या कडेवर टेकवलेले, मांडीवर बशी, हातात पावाचा तुकडा. वाचत नव्हतीस, निवडत नव्हतीस, विणत नव्हतीस, कुणाला हाकही मारत नव्हतीस. मी वीस मिनिटं उभी होते, ताई. तेवढ्या वेळात तू काहीच केलं नाहीस. छप्पन्न वर्षांत मी तुला काहीच न करताना बघितलेलं नव्हतं. तुझा चेहरा मला ओळखू आला नाही. त्यावर कुणाची काळजी नव्हती. मी रस्ता ओलांडून वर यायला निघाले होते, जिन्यापर्यंत आलेही, आणि तिथूनच परत फिरले.

खोलीवर येऊन ती गढूळ पाण्याची बाटली शोधली. मी कागदपत्रांच्या फायलीशेजारी ती पुरावा म्हणून जपून ठेवली होती, मूर्ख कुठली. इतक्या महिन्यांत गाळ खाली बसलाय आणि वरचं पाणी निवळलंय. उजेडात धरली. गाळात पांढरे कण आहेत, नखाएवढे. अंड्याची टरफलं, ताई. रोज सकाळी मी एक अंडं उकडून खाते आणि टरफल डब्यात टाकते, डबा भरला की तुझ्याकडे आणून देते, तू ती चुरून कुंड्यांत घालतेस. म्हणजे तू तुझ्या मोरीपाशी उभी राहिलीस, कुंडीतली मूठभर माती घेतलीस, बाटलीत घातलीस, झाकण लावून हलवलीस, पुरेशी गढूळ दिसते का ते उजेडात बघितलंस, आणि मग पंचवीस मिनिटांचा रस्ता चालून माझ्याकडे आलीस. माझ्याच अंड्यांची टरफलं मला दाखवून गेलीस. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू माझा केसाने गळा कापलास.

मग तारीख शोधली. गुणांच्या कागदावर तारीख टाकायची सवय तूच लावलीस. बाटलीचा रविवार, आणि त्याच्या आधीचा मंगळवार म्हणजे माझ्या गुडघ्याचा एक्स-रे. डॉक्टर माझ्याकडे न बघता तुझ्याकडे बघत म्हणाले होते की पुढे-मागे यांना कुणाचा तरी हात धरून चालावं लागेल. तू मान डोलावलीस. बाहेर आल्यावर माझी पर्स तू घेतलीस, मी हसून म्हटलं, बघ, शेपटाला आता खरंच धरून चालावं लागणार, आणि तू हसली नाहीस. आईचं तू केलंस, अंथरुणावरची सहा वर्षं. मग भाऊजींचं, आठ वर्षं. त्याच्या आधी माझं, शाळेच्या गणवेशापासून नोकरीच्या अर्जापर्यंत. आणि आता पुन्हा माझाच नंबर लागणार होता. हे मला कळतं. मी एवढी मठ्ठ नाही.

पण मग सांगायचंस! शेपटे, मला एकटीला राहायचंय, एवढं एक वाक्य. मी थयथयाट केला असता, महिनाभर अबोला धरला असता, चार लोकांत तुझी बदनामीही केली असती, आणि मग तुझ्या गॅलरीसाठी पडदे शिवून आणले असते. तुला माहीत आहे मी अशीच आहे. शिंपीदादांची खोली मी सोडली नसती. ज्या बाईने मला खोटं बोलल्याबद्दल आयुष्यात एकदाच थोबाडीत मारली होती, तिने मला खरं ऐकायच्याही लायकीचं समजलं नाही, हे डोक्यातून जात नाही. तुझा एकटेपणाचा हट्ट मी उद्या विसरेन. ती बाटली मला विसरता येणार नाही, आणि विसरले असं खोटं मी लिहिणार नाही.

आता हे सगळं आजच का लिहिलं, ते सांगते. पत्ताबदलाचा अर्ज तीन दिवसांत मार्गी लावायचा असा नियम आहे. तुझा मी नऊ दिवस खणात दाबून ठेवला. एकतीस वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नाही. त्याच्याखाली तुझं टपाल साठलंय: पेन्शन कार्यालयाचं पाकीट, चष्मेवाल्याचं कार्ड, कुठल्याशा जुन्या विद्यार्थिनीचं जाडजूड पत्र. तू या टेबलापाशी डबा घेऊन इतक्यांदा बसली आहेस की तो अर्ज कुणाच्या हातात पडणार हे तुला पक्कं माहीत होतं. तोंडाने सांगवलं नाही म्हणून पेटीत टाकलंस, आणि मी ओरडत येईन याची वाट बघत बसलीस. मीही वाट बघत होते, की पत्रं कुठे अडकली हे विचारायला तू येशील. कुणीच आलं नाही. म्हणून आज सकाळी मी तुझ्या अर्जावर शिक्का मारला. काल भोंग्याच्या उपनगरात तळमजल्याची एक खोली घेतली, पायऱ्या नाहीत, थांबा शंभर पावलांवर आहे. गुण दिले नाहीत. खोक्यांवरचं तुझं नाव खोडलंय. हे पत्र मी मुद्दाम तुझ्या जुन्या पत्त्यावर टाकतेय. उद्या ते माझ्याच टेबलावर येईल, मी जुना पत्ता खोडून तळ्याकाठचा लिहीन, आणि खणातली तिन्ही पाकिटं त्याच्याबरोबर पाठवीन. पुढचं वर्षभर तुझं प्रत्येक पत्र असंच माझ्या हातून जाईल, एकही चुकणार नाही. वर्ष झालं की अर्ज नव्याने करावा लागतो, नाहीतर टपाल पाठवणाऱ्याकडे परत जातं. तेव्हा मात्र पेटीत टाकू नकोस. खिडकी क्रमांक चार, सकाळी दहा ते एक. रांगेत उभी राहा, आणि काय हवंय ते तोंडाने सांग.

तुझीच,
धाकटी