कमळाच्या वाटणीच्या ओळी

॥ श्री सातेरी प्रसन्न ॥

इब्रामपूर, पेडणे
६ नोव्हेंबर २०२५

कमळा,

तू बरी असशीलच, तुला कधी काही होत नाही. मीही बरी आहे, एक गुडघा सोडून. तुळशीचे लग्न झाले. तुझ्या बंद घरापुढच्या तुळशीलाही मीच दिवा लावला. उपकार म्हणून नाही, शेजारी काळोख बरा दिसत नाही म्हणून.

पत्र कशाला, असे म्हणशील. फोनवर माझे नाव दिसले की तू तो तसाच वाजू देतेस. सहा वर्षे वाजतोय. आणि हे गौरवीच्या हातून पाठवते आहे. तिला दारातून परतवून लावायची तुझी छाती नाही.

तर बातमी. माझी नात गौरवी, लहानपणी तुझ्या कळशीवर पळी बडवायची ती, आता मुळगावच्या पोरांच्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवते. बँडचे नाव ‘खाणवाट’. आवाजही तसाच, भरलेला ट्रक उतारावरून सुटावा तसा. पहिल्यांदा ऐकले तेव्हा म्हैस सुटली वाटून मी गोठ्यात धावले. आता सवय झाली. सवय कसली गे, खोटे कशाला बोलू, आवडते. सकाळी पोदेर पाव देऊन गेला की चहा घेते आणि त्यांनी आधी सोडलेले एक गाणे लावते. गिटारवाला गौरेश म्हणून आहे. केस खांद्यापर्यंत, तेलाचा पत्ता नाही, पण बोटे गुणी.

त्यांचा पहिला अल्बम बारा डिसेंबरला येणार. आठ गाणी. कॅलेंडरावर त्या तारखेभोवती मी कुंकवाने गोल काढला आहे. सून विचारते, “कसली पूजा?” म्हटले, “अल्बम.” ती अजून माझ्याकडे बघतेच आहे. देवळात, रेशनच्या दुकानात, सगळीकडे सांगून झाले. बाबुराव मास्तर म्हणाले, “सुशीलाबाई, रॉक म्हणजे काय ते कळते का?” मी म्हटले, “तुम्हाला तीस वर्षांत वर्गातला आरडाओरडा कळला नाही, तुम्ही मला विचारू नका.”

आता मुद्दा. सातव्या गाण्यात मी आहे. हसू नको. ढालोत नाचताना आपण बाया म्हणायचो ते गाणे, भाऊ बहिणीला माहेरी न्यायला निघतो ते. ढालो खेळतो त्या मांडावर नारळ ठेवून देवाला विचारले, मगच मुळगावला गेले. खोलीच्या भिंतींना गाद्या लावलेल्या. कानांवर वाट्यांसारखे काहीतरी चढवले आणि म्हणाले, आजी, गा.

मी विचारले, भाऊ कुठवर आला? आणि थांबले. समोर गाद्या. काचेआडून पोरे बघतात.

गौरेश म्हणाला, “आजी, विसरलीस काय गे?”

“विसरते तुझी आजी,” मी म्हटले. पुढचा प्रश्न विचारला, पुन्हा थांबले. असे पाच वेळा. मग त्यांना समजावले की, अरे, ढालोत बायांच्या दोन फांती, दोन रांगा, समोरासमोर उभ्या असतात, एक विचारते, दुसरी उत्तर देते. मी जन्मभर विचारणाऱ्या फांतीत. माझी ओळ झाली की माझे तोंड आपोआप मिटते. तिथून पुढे तू सांगायचीस, नदीवर आला, मग शेताच्या बांधावर, असा करत करत तो दारात यायचा. उत्तरे मला येत नाहीत असे नाही. पण तोंडातून निघतच नाहीत.

त्या पाच रिकाम्या जागांत पोरांनी गिटार भरली आहे. चांगली आहे. पण ती उत्तर देत नाही, नुसती बोलते, आमच्या ह्यांच्यासारखी.

तुझ्या फांतीतली सरस्वती तुझ्या जागी गायला तयार आहे, पण ती नाकात गाते. तेवीस तारखेला, रविवारी, पोरे शेवटचे रेकॉर्डिंग करणार. मग काही बदलता येणार नाही. तुझ्या कारापूरहून मुळगाव काही लांब नाही. यायचे तर ये. मला काही फरक पडत नाही.

मांडावर मी त्या वर्षी जे बोलले ते तू फारच मनाला लावून घेतलेस, एवढेच म्हणते.

सुशीला


इब्रामपूर
१५ नोव्हेंबर २०२५

कमळा,

गौरवीला बांगड्याचे हुमण वाढलेस, बरे केलेस. दोन दिवस त्याचेच कौतुक चालले आहे, माझ्या हुमणात म्हणे तिरफळे कमी. माझे पत्र वाचून तू म्हणालीस, “पत्र्याक कोण गावक बोलावता?” पोरीला काही कळले नाही. तिने मला विचारले, तर मी चटणी वाटत बसले. नंतर बघते तर पाटा कोरडाच होता.

तर सांगते. सगळ्या बायांसमोर मी म्हटले, कमळा, तुझा आवाज फाटक्या पत्र्यासारखा, तुझ्यामुळे गाणे मोडले. ते तुझ्यामुळे मोडले नव्हते. चौथा प्रश्न विचारायची पाळी माझी होती आणि तो मला आठवला नाही. तू समोर उभी, उत्तर तोंडात धरून. गाणे धरायचा मान माझा, बाया बघत होत्या. म्हणून तुझ्यावर ढकलले. तू मांडावरून उतरलीस आणि महिन्याभरात शंभूकडे कारापूरला गेलीस. मुलाकडे राहायला गेली, असे लोक म्हणाले. मीही तेच म्हणत राहिले. सोपे होते.

हे मी गौरवीला सांगितले. सरस्वतीलाही सांगितले, म्हणजे उद्यापर्यंत दोन्ही तालुक्यांना कळेल. पौषात ढालो लागले की मांडावर उभी राहून बायांना सांगेन ते वेगळे.

गौरवीने ते सातवे गाणे पुन्हा लावून ऐकले. मग म्हणाली, “आजी, गिटार काढून टाकते.” काढलीसुद्धा. आता माझा प्रश्न येतो आणि मागून नुसता तिचा ड्रम, हळू, पायवाटेने कोणी चालत यावे तसा. मी एकदा ऐकले आणि भात बघायला उठले. भात कधीच उतरवलेला होता.

तू नाही आलीस तर अल्बम तसाच निघेल. बारा तारखेला लोक ऐकतील की सुशीला विचारते आहे आणि समोरून कोणी बोलत नाही. पोरांना ते छान वाटते. मला वाटत नाही. पण खोटे नाही, एवढे खरे.

तेवीसला सकाळी नऊ वाजता मी मुळगावच्या बसस्टॉपवर असेन. बसूनच असेन, गुडघ्यामुळे. आवाज पत्र्यासारखा झालाच असेल तर तसाच घेऊन ये, त्या बँडमध्ये खपून जाईल. माझाही काही रेशमी राहिलेला नाही.

चौथा प्रश्न आता पाठ आहे. तुला समोर बघून पुन्हा विसरले तर या वेळी माझेच नाव सांगेन.

कुठवर आलीस, तेवढे कळव.

तुझ्या समोरच्या फांतीतली,
सुशीला