परक्या उजेडातला तपकिरी बटू

आप्पा,

शाळेला सुट्टी असली की बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तुमचा डबा मी घेऊन यायची. तुम्ही भट्टीवर. एकदा चिमट्यात धरलेला लालभडक गिअर दाखवता आणि विचारता, "किती तापलाय, सांग बघू." मी रंगावरून सांगते. तुम्ही हसता. "भट्टीच्या तोंडाशी रंग ओळखायचा नसतोय ग. तिचाच उजेड पडलाय त्याच्यावर. स्वल्प बाजूला, अंधारात घे, मग खरा रंग दिसतोय." त्याच वर्षी कॉन्व्हेंटमध्ये पहिली आले, तेव्हा प्रगतिपुस्तकावर सही करताना म्हणालात, "हा सिस्टरांचा उजेड. तुझा रंग घरात कळंल." आईचं लाटणं थांबलं. मी प्रगतिपुस्तक दप्तरात घातलं. उत्तर आज देते.

मी तपकिरी बटूंचा अभ्यास करते. ग्रहांहून मोठे, पण ताऱ्यासारखं पेटण्याइतकं वजन नसलेले, जन्मापासून निवत जाणारे गोळे. बहुतेक एकटे असतात आणि एकट्याचं वातावरण वाचणं सोपं. माझा एक मात्र श्वेत बटूच्या, म्हणजे इंधन संपूनही भयंकर तापलेल्या ताऱ्याच्या, अगदी जवळून फिरतो. दोनेक तासांत एक फेरी, एकच बाजू कायम त्याच्याकडे. त्या बाजूवर अतिनील किरणांचा मारा होतो, रेणू तुटतात, वरची हवा खालच्या हवेपेक्षा जास्त तापते. जिथे वायूने प्रकाश शोषायचा, तिथे तो स्वतःच चमकतो. पाठची बाजू कितीतरी थंड. नियतकालिकाच्या परीक्षकाने माझ्या शोधनिबंधावर लिहिलंय, ही बाहेरच्या उजेडाची भेसळ आहे, हा बटू यादीतून काढा, मग पेपर स्वीकारू. मार्चमध्ये मी निवृत्त होते. हा माझा शेवटचा पेपर. माझी नागपूरची विद्यार्थिनी म्हणाली, "मॅम, एकच तर आहे. काढून टाकू ना." मी म्हटलं, "तुझं नाव पण काढू का? तेही एकच आहे." "सरी, मॅम," म्हणाली. हे कानडी 'बरं' ती इथल्या रिक्षावाल्यांकडून शिकली.

मी काढणार नाही. आप्पा, लोखंडापुरतं तुमचं बरोबर होतं. ते बाजूला घेता येतं. याला बाजूला घ्यायला जागाच नाही, आणि तो उजेड त्याच्यावर नुसता पडलेला नाही, त्याने त्याची हवाच घडवली आहे. तीच त्याची हवा. सिस्टरांनी दिलेली भाषा, उभं राहून प्रश्न विचारायची सवय, हे माझ्यातून वेगळं करून तुम्ही काय बघणार होतात? त्यात तुमचाही उजेड होता. तुम्ही तो कधी हिशेबात धरलाच नाहीत.

तुम्ही आता नाही, त्यामुळे हे पत्र कुठे जायचं नाही. बाकीचं ठरलंय. परीक्षकाला माझा नकार जाईल. वह्या आणि सगळी मोजमापं विद्यार्थिनीला, पेपरवर पहिलं नावही तिचंच. तुमचं घड्याळ धाकट्या भावाला, कारण त्याने ते कधी मागितलं नाही. आणि एक. थंड बाजूचं माझं मोजमाप कच्चं आहे, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. वहीतल्या त्या पानावर फुली आहे. ते तिने पुन्हा करावं, आणि मी चुकले असेन तर माझ्या नावासकट छापावं.